पाचवं शील

संचिताचा फोन आला तेव्हा मी घरी कमळची औषधाची बाटली शोधत होतो. माझी बायको कमळ हॉस्पिटलमध्ये, मुलगी संचिता तिच्याजवळ. "पप्पा, आता नका आणू," एवढंच संचिता म्हणाली. बाटली तेवढ्यात सापडली होती. ती हातात धरून मी खाटेवर बसून राहिलो.

ते भांगेच्या अर्काचं तेल होतं. केमोनंतर कमळच्या पोटात पाणीही टिकत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी ठाण्याच्या एका वैद्यांकडे पाठवलं. जिभेखाली थेंब टाका, ते म्हणाले. "यात काय असतं?" कमळने विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं.

परतीच्या बसमध्ये घोडबंदर आलं तेव्हा तिने विषय काढला. आम्ही बौद्ध. दर रविवारी विहारात पंचशील घेतो. पाचवं शील नशा न करण्याचं.

"अहो, माझ्या बापाची दारू या शीलाने सुटली. आता मी भांग घेऊ?"

"औषध आहे ते."

"बाप पण तेच म्हणायचा."

शेजारच्या हंसाबेनना हे कळलं. "अरे कमळाबेन, आमच्यात शिवरात्रीला महादेवचा प्रसाद म्हणून पितात. तुम्ही डॉक्टरचा प्रसाद समजा ना!"

"तुमचा महादेव तुम्हीच सांभाळा," कमळ म्हणाली. पण हसली.

शेवटी घेतलं तिने. त्या संध्याकाळी अर्धी भाकरी आणि पिठलं खाल्लं, ते पोटात राहिलं. मला वाटलं, वाद मिटला.

रविवारी विहारात भन्तेजींच्या मागून सगळे शील म्हणत होते. तिने चार म्हटली. पाचव्याला ओठ मिटून बसली.

"भन्तेजींना विचार तरी," मी घरी म्हणालो.

"ते चालेल म्हणतील. म्हणूनच विचारत नाही. जे पाळत नाही ते तोंडाने कशाला घ्यायचं? औषध बंद झालं की पाचवं परत घेईन."

पुढे जमेल त्या रविवारी ती गेली, आणि चारच म्हणाली.

कमळ गेल्यावरच्या जलदान विधीला घर भरलं होतं. भन्तेजींनी पंचशील दिलं. पाचव्याला माझाही आवाज निघाला नाही. मागे तिचा भाऊ नाथा कुणाला तरी हळूच म्हणाला, "दाजींनी प्यायला सुरुवात केली वाटतं." मी वळलो नाही.

बाटली टाकून देऊ का, संचिता विचारते. राहू दे म्हणतो. निम्मं तेल अजून आहे. कमळचं पाचवं शील परत घ्यायचं राहिलं.