लंगडी चाल

मी एक जुनी कात्री आहे. शिवणाच्या मशीनच्या खणात पडून असते. माझी पाती बोथट झाली आहेत, मधली खीळ सैल झाली आहे, पण जिभेची धार अजून गेलेली नाही. तेव्हा मित्रांनो, जरा जपून ऐका.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. तिथे मला इतकं ठोकून काढलं की पुढे कुणाच्या टीकेचं मला काही वाटेनासं झालं. मग वहिनींनी मला विकत घेतलं. वहिनी म्हणजे नानांची बायको. नाना एका नाटक कंपनीत विनोदी नट होते. कंपनीची गाण्यांची नाटकं तेच लिहायचे आणि गाण्यांना चालीही तेच लावायचे. सगळी कंपनी त्यांना नाना म्हणे, म्हणून त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. नानांच्या ढगळ विजारी आणि गुडघ्यापर्यंत लोंबणारे कोट मी कापायचे आणि वहिनी शिवायच्या. ते कपडे घालून नाना नुसते उभे राहिले तरी लोक हसायचे. त्यातलं निम्मं हसू माझं आहे, असं मी समजत असे.

माझ्याकडे आणखी एक काम होतं. नव्या नाटकाचं परीक्षण पेपरात आलं की वहिनी ते आधी वाचत. चांगलं असलं तर पेपर सरळ नानांच्या हातात जाई. वाईट असलं की माझी आठवण होई. तेवढा मजकूर मी कापायचे आणि वहिनी तो शेगडीत घालायच्या. नानांना हे कळत नव्हतं असं नाही. "आज पेपरातून वारा फार येतोय गं," असं म्हणून ते त्या भोकातून वहिनींकडे बघत डोळा मिचकावायचे. त्यांची मुलगी चिमी हसून हसून जमिनीवर लोळायची.

चिमी लहान असताना मोठ्या तापातून उठली होती. तेव्हापासून ती एक पाय ओढत चालायची. एक पाऊल टाकायची आणि दुसरं मागून घासत आणायची. नाना लिहीत बसलेले असले तरी मान वर न करता म्हणत, "आलीस का?" पुढे तिला पुन्हा ताप भरला. या वेळी ती उठली नाही. त्या घराइतकं गप्प घर मी पाहिलेलं नाही.

बरेच महिने गेल्यावर नानांनी नवं नाटक लिहायला घेतलं. मूल गमावलेल्या एका बापाची ती गोष्ट होती. शेवटी तो रिकाम्या घरात एकटाच गात फिरतो. त्या गाण्याला नानांनी चिमीची चाल दिली. गाण्याची चाल तीच आणि चालण्याचीही तीच, एक ठोका पडायचा आणि दुसरा मागून घासत यायचा. वहिनींना ते म्हणाले, "या वेळी कोट अगदी मापाचा हवा. कुणी हसता कामा नये." लोकांनी आपल्या मुलीसाठी एकदा तरी गप्प बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तो कोट मी जीव ओतून कापला.

पहिल्या प्रयोगाला मी विंगेत होते, वहिनींच्या टोपलीत. नाना पाय ओढत, गात रंगमंचावर आले आणि सगळं थिएटर हसायला लागलं. त्यांनी आवाज खाली आणला, तशी माणसं आणखी हसली. इतकी वर्षं लोक त्यांना बघून हसत आले होते. लोकांना दुसरं काही करता येतच नव्हतं. मला त्यांचा फार राग आला. नानांनी गाणं मध्येच सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. ज्यांच्या एका शब्दावर तिकिटं खपायची, असे एक समीक्षक होते, त्यांनी भरभरून कौतुक केलं होतं. 'नानांच्या लंगड्या चालीने हसून हसून डोळ्यांत पाणी आले. विनोदाचा हा कळस आहे.' वहिनींनी मला हातात घेतलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्तुती कापली.

नानांनी भोक पडलेला पेपर बघितला. "इतकं वाईट लिहिलंय?"

"वाईट नाही हो," वहिनी म्हणाल्या. "चांगलं लिहिलंय."

त्यांच्या मुठीतून नानांनी तो तुकडा काढून घेतला आणि वाचला. त्या दिवशी वाऱ्याची थट्टा झाली नाही.

कंपनीचे मालक मात्र खुशीत होते. "नाना, पाय आणखी थोडा ओढा," ते म्हणाले, "आणि कोट पहिल्यासारखा ढगळ करून घ्या." तो ढगळ कोटही मलाच कापावा लागला. वहिनींनी हात जोडले, "अहो, ते गाणं तरी काढून टाका." नाना म्हणाले, "चाल काढली तर ती पुन्हा जाईल गं. आत्ता निदान रोज स्टेजवर येते तरी." मग नाना वर्षानुवर्षं आपल्या मुलीची चाल चालत राहिले आणि लोक हसत राहिले. थकून अंथरुणाला खिळेपर्यंत त्यांनी ते केलं, आणि त्या अंथरुणातून ते उठले नाहीत.

नाना गेल्यावर ते समीक्षक घरी आले. आता तेही म्हातारे झाले होते. नानांवर पुस्तक लिहीत होते. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "वहिनी, ती लंगडी चाल नानांना सुचली कशी?"

वहिनी म्हणाल्या, "आमच्या मुलीची होती."

समीक्षक खो खो हसले. "म्हणजे लेकही बापासारखीच नकलाकार म्हणायची."

वहिनींनी त्यांचा रिकामा कप उचलला आणि त्या आत गेल्या. पुढे पुस्तक छापून आलं. 'ही अजरामर चाल नानांना आपल्या खोडकर मुलीकडून मिळाली,' असं त्यात ठळक अक्षरांत होतं. वहिनींनी मला काढलं, ते पान उघडलं आणि माझी पाती त्यावर टेकवली. मग मला परत खणात ठेवलं. गावभरच्या पुस्तकांतून ते वाक्य कापायला मी कशी पुरणार?

मित्रांनो, मला तेल द्या, धार लावा, असं काही मी मागत नाही. हसायचं तेव्हा खुशाल हसा. पण 'आमच्या मुलीची होती' असं कुणी म्हणालं, तर त्या 'होती'पाशी जरा थांबा आणि मुलगी कुठे आहे ते विचारा. वहिनी त्या दिवशी दारामागे कप हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांना कुणीही ते विचारलं नाही.