चंदू उगवला

लेकीने लॅपटॉप पुढ्यात ठेवला आणि मी सवयीने खिशातली स्टीलची पट्टी काढून पडद्याला लावली. तीस वर्षं छापखान्यात पानं लावली आहेत. माप घेतल्याशिवाय माझं डोकं चालत नाही.

"बाबा, पट्टी ठेवा. इथे पानाला माप नसतं."

"माप नाही तर पान कसलं?"

आमच्या छापखान्यात निघालेलं मुलांच्या गोष्टींचं एक जुनं पुस्तक आता वेबसाइटवर यायचं होतं आणि ते काम नेमकं तिच्याकडे आलं होतं. तिने पडद्यावरच्या खिडकीची कड धरून आत ढकलली. मी कधीकाळी जीव ओतून लावलेलं पान अंग चोरून बसलं. ओळी वाट्टेल तिथे तुटल्या, डावीकडचं चित्र घरंगळत तळाला गेलं.

"मोबाइलवर असं दिसेल. कोण कशावर वाचेल, ते आपल्या हातात नाही. आणि नाही आवडलं तर उद्या बदलू."

हे 'उद्या बदलू' मला झेपत नाही. आमच्याकडे शेवटच्या प्रुफावर 'छापा' लिहून सही झाली की विषय संपला. त्या शब्दाची धास्ती वाटायची, आणि खरं सांगतो, त्या धास्तीची मला अजून आठवण येते. सही करायची ती माझी बायको. तेव्हा नुसती प्रुफवाली. तिच्या लाल पेनाला मालकही टरकून असत.

"एक चूक मात्र सापडली," लेक म्हणाली. "'आकाशात चंदू उगवला' असं छापलं होतं. चंद्र करून टाकला. दोन सेकंद लागले."

माझं टाळकंच सटकलं. "कुणाला विचारून?"

"अहो, चूक होती ती."

मग सांगावंच लागलं. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली, पण हे आम्ही तिला कधी सांगितलं नव्हतं. माझा चेहरा गोल, म्हणून छापखान्यात मला सगळे चंदू म्हणत. पुस्तक छापून झाल्यावर मालकांनी ती ओळ पाहिली आणि छापखाना डोक्यावर घेतला. 'चंदूऐवजी चंद्र वाचावे' अशा चिठ्ठ्या छापल्या, आणि हजार प्रतींत त्या चिकटवायची शिक्षा प्रुफवालीला झाली. नाव माझं निघालंय म्हणून मीही खळीचं भांडं घेऊन शेजारी बसलो. चार दिवस चिकटवत होतो; लेकीकडच्या प्रतीतली तेवढी गळून पडली असावी. पाचव्या दिवशी आमचं ठरलं.

"म्हणजे आईने मुद्दाम केलं?"

"जन्मभर विचारलं. दर वेळी एकच उत्तर, 'माझ्या नजरेतून काही सुटत नाही.' आणि लगेच विषय बदलायची."

लेकीने चंद्र खोडून चंदू केला.

"उद्या कुणी परत सुधारला तर?" मी विचारलं.

"त्या शब्दापाशी आतून शेरा लिहिते. वाचणाऱ्याला दिसत नाही, काम करणाऱ्याला दिसतो. काय लिहू?"

"लिही, 'नजरेतून सुटलेलं नाही. छापा.'"

"आणि सही?"

"तुझी कर. आता प्रुफवाली तू."

तिने सही केली. मग मीच तिला खिडकी पुन्हा आत ढकलायला सांगितली. ओळी तुटल्या, चित्र तळाला गेलं. चंदू मात्र उगवलेला होता.