वर्षाराणीचे डोळे

खंडोबाची आन घेऊन सांगती, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय! खोटं निघालं तर ह्या गवराबाईचे उरलेले तीन दात हितंच पडू द्या. हसू नको, छबूबाई. तुज्याकडं तर एकच हाय.

आमची वर्षाराणी, माज्या दादासाहेबाची लेक, तिला रेल्वेचं इंजिन चालवायचं हुतं. पोरीची नजर अशी, की कुरुळीत घराच्या पत्र्यावर बसून हायवेवरच्या ट्रकमागचा मोबाईल नंबर वाचायची. एकदा त्या नंबरावर फोन लावला, तर ड्रायव्हर म्हन्ला, "बोला आज्जी, साडी छान हाय." त्यालाबी मी दिसली असनार.

म्या इचारलं, "इंजिनावर जायचं तर काय करावं लागतं गं?"

"आयटीआय झालंय माजं. आता कॉम्प्युटरवर दोन परीक्षा. मग डोकं किती झटक्यात चालतंय ते बघत्यात. मग डॉक्टर. आन् लगेच गाडी हातात देत न्हाईत, आजे. आधी सहायक. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, सिग्नल दिसला की हात करून मोठ्यानं सांगायचं. त्यो तेच परत म्हन्तो. दोघांनी बघितलं म्हंजे चूक व्हत न्हाई."

झालं! तवापासनं स्कुटीवर आमचं तेच. चाकणच्या चौकात ती हात करून वरडायची, "सिग्नल लाल!" मागनं मी, "लाल!" एक दिशी हवालदारानं घाबरून मला सल्यूट ठोकला.

चार वर्सं कंपनीत शिफ्ट करून पोरगी शिकली. दोन्ही परीक्षा पास. डोक्याचीबी पास. राहिला डॉक्टर. वय बसत हुतं ते ह्याच भरतीपुरतं. पुढची येईस्तोवर निघून जानार.

डॉक्टरम्होरं चष्म्याबिगर लांबची बारकी अक्षरं वाचायची. हिला काय अवघड? पन आदल्या दिशी ती म्हन्ली, "आजे, कंपनीत दिसभर बारके पार्ट तपासून डोळे थकल्यात. तुजं ते औषध घाल की."

आमच्यात पांढऱ्या कांद्याचा रस मधात कालवून डोळ्यात घालत्यात. माज्या सासूनं घातला, तर नव्वदीत ती चालत्या म्हशीवर बसून सुईत दोरा ओवायची. म्या दोन दोन थेंब सोडले. पोरगी किंचाळली.

"झोंबतंय म्हंजे लागू पडतंय," म्या म्हन्लं.

सकाळी डोळे टमाट्यावानी. पानी थांबंना. रेल्वेच्या दवाखान्यात ती आत गेली, मी बाहेर बाकड्यावर. आतनं आवाज आला, "ही ओळ वाचा."

पोरगी पदरानं डोळे पुसाय लागली.

"बरं, वरची?"

"पुसट दिसतंय, सर."

दार अर्धं उघडं हुतं. समोरच्या भिंतीवरली अक्षरं मला दिसत हुती बघ, छबूबाई! सगळी काळी, ठसठशीत. वाटलं, हात करून वरडावं, म्हंजे पोरगी तेच परत म्हनंल. पन वरडू काय? मला अक्षर येतंय कुठं?

नापास केली तिला.

कुनी म्हन्लं, अर्ज करा. बाहेरच्या डॉक्टरचं पत्र जोडा, की हितं तपासताना चूक झाली.

दादासाहेब म्हन्ला, "आनू की पत्र."

"आप्पा, त्येंची चूक झालीच न्हाई," वर्षाराणी म्हन्ली. "त्या दिशी मला दिसतच नव्हतं."

तरी अर्ज धाडला. महिन्यानं उत्तर आलं, न्हाई म्हनून.

डोळे तर चार दिसांत निवळले. आता परत ट्रकचे नंबर दिसत्यात तिला. वाचत न्हाई, एवढंच.

परवा चाकणच्या चौकात म्याच हात केला. "सिग्नल लाल!"

तिनं नुसता ब्रेक दाबला.

"सिग्नल हिरवा!"

स्कुटी हलंना. मागं टेंपोवाले हॉर्न मारत्यात, शिव्या घालत्यात.

"राणी, हिरवा हाय गं."

"दिसतंय मला, आजे."

बास. तेवढंच बोलली, आन् गाडी काढली.

सगळं खरं हाय, छबूबाई. सल्यूटबी खरा, म्हसबी खरी. एकच गोष्ट म्या पदरची घातली. औषध तिनं मागितलं नव्हतं. ती नको नको म्हनत हुती. म्याच तिचं डोकं मांडीत दाबून धरलं हुतं.