अकरा जणांनी विकत घेतलेला जोमा

मी जोमा बोलतोय. तुमच्याकडे ज्याला जामा म्हणतात, त्याच्याच नात्यातला. फक्त माझा घेर जास्त, बाह्या माणसाच्या हातापेक्षा वीतभर लांब आणि पाठीवर जरीची सतरा फुलं. सतरा की अठरा? उझबेकिस्तानात, बुखाऱ्यात असताना खात्री होती. आता एक फूल इतकं झिजलंय की ते मोजावं की नाही, हेच मला ठरवता येत नाही.

मी असा काळजीखोर का, याला कारण आहे. आमच्याकडे जरीकाम करणारे आधी जाड कागदाची फुलं कापून मखमलीवर ठेवतात आणि मग त्यांच्यावर जर भरतात. माझ्या वेळी उस्ताद झरीफना जाड कागद मिळाला नाही. त्यांनी मुलाचं भूमितीचं जुनं पुस्तक घेतलं, पानांवर पानं चिकटवली आणि फुलं कापली. त्यामुळे माझ्या प्रत्येक फुलाच्या पोटात एक प्रमेय आहे. शिक्षण भरपूर झालं, पण 'हेच सिद्ध करायचे होते' हे शेवटचे शब्द बहुतेक ठिकाणी कात्रीत गेले. तेव्हापासून मला कशाचीच पक्की खात्री वाटत नाही.

यूनो न्हाव्याने मला स्वतःच्या लग्नासाठी घेतलं. माणूस अंगाने किरकोळ. त्याची बायको झुलाय पुढे आयुष्यभर सांगायची, "माझं लग्न जोम्याशीच लागलं. आत माणूस आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं." यूनो हसायचा. त्याच्या केसांना लावायच्या तेलाचा आणि दुकानातल्या स्वस्त अत्तराचा वास माझ्या गळपट्टीत मुरत गेला. आमच्या यहुदी गल्लीतली अर्धी लग्नं माझ्यात लागली. यूनो नाही कुणाला म्हणायचा नाही, आणि झुलाय परत आलेल्या जोम्यावरचा रश्श्याचा डाग शोधून काढल्याशिवाय राहायची नाही.

यूनो गेला. मी पेटीत गेलो, कसर लागू नये म्हणून तंबाखूच्या पानांत. दर शुक्रवारी, शब्बाथचे दिवे लावण्याआधी, झुलाय अम्मा पेटी उघडायची आणि गळपट्टीशी तोंड न्यायची. तेवढा वेळ मी श्वास रोखून धरायचो. वास सांडायला नको, म्हणून.

तिची मुलगी बुलोर इस्राएलच्या दक्षिण भागात एका गावात बालवाडी चालवायची. तिथे रॉकेटं पडू लागली. फोनवर बुलोर म्हणायची, "काही नाही आई, सवय झालीय." पण एकदा तिच्या तोंडून निघून गेलं. भोंगा वाजल्यापासून रॉकेट पडेपर्यंत पंधरा सेकंद मिळतात, आणि तीन वर्षांच्या बारा मुलांना घेऊन आसऱ्यापर्यंत धावायला चाळीस लागतात. पेटीत मी सगळी प्रमेयं चाळली. पंधरामध्ये चाळीस कशातच बसत नव्हते.

सिनेगॉगच्या अंगणात सभा भरली. आमच्या लोकांची सभा म्हणजे सगळ्यांनी एकदम बोलायचं आणि शेवटी आधीच ठरलेलं ठरवायचं. बालवाडीच्या आवारात सिमेंटची एक मजबूत खोली उभी करायची होती. भिंतींचं ताश्कंद आणि समरकंदवाल्यांनी अंगावर घेतलं होतं. बुखाऱ्याच्या वाट्याला छप्पर आलं.

"छप्परच आपल्याला?" कुणीतरी म्हणालं.

"मग काय पाया हवाय? पाया दिसतो का कुणाला?" कारभारी अबोखाय म्हणाला. विषय संपला.

पैसे मात्र छपराइतके जमेनात. आमच्या गल्लीत आता घरं जास्त आणि माणसं कमी. तेव्हा झुलाय अम्मा घरी गेली आणि मला आणून मेजावर ठेवलं.

"विका."

"अम्मा, हा यूनोचा!"

"मग? यूनो आता लग्नाला निघालाय का?"

सगळे हसले. पण अबोखायने मला उचललं, तेव्हा तिची दोन बोटं गळपट्टीला धरून राहिली होती. ती सुटायला वेळ लागला.

रविवारी लिलाव ठरला. अबोखायला पैसे गोळा करायची एकच रीत येते. शनिवारच्या प्रार्थनेत धर्मग्रंथाचं पवित्र कपाट उघडायचा मान कुणाला, याची बोली जशी गाऊन लावतात, तशीच. कोथिंबिरीचा हिरवा बख्श भात चुलीवर चढला, बायका स्वयंपाकघरात गेल्या आणि अबोखायने सूर लावला.

"पाच लाख सोम!" घड्याळवाला इल्याऊ ओरडला.

"इल्याऊ, तुझ्या दुकानातलं एकही घड्याळ खरी वेळ दाखवत नाही. तुझ्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"रोख देतो, मग तर झालं?"

मी त्याच्या अंगावर चढलो. इल्याऊने दोन गिरक्या घेतल्या, टाळ्या झाल्या, आणि मग त्याने ती चूक केली. जोमा घालून नाचून झालं की तो काढून जवळच्या वडीलधाऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. शंभर लग्नं नाचलेल्या इल्याऊने विचार न करता मला काढलं आणि गणिताचे निवृत्त मास्तर बेन्सियोन बोबो, म्हणजे बेन्सियोन आजोबा, यांच्या खांद्यावर पांघरलं.

टाळ्या थांबल्या.

"अरे गाढवा," अबोखाय म्हणाला, "हे लग्न नाही, लिलाव आहे!"

"म्हणजे हा मी फुकट घातला?" बोबोंचा आवाज चढला. "सत्त्याऐंशीव्या वर्षी मला फुकट्या करता? सहा लाख!"

"बोबो, तुमच्याकडून नको..."

"सहा लाख! आणि वाजवा!"

डफ वाजला. बोबोंनी दोन पावलं टाकली, तिसऱ्याला लोकांनी त्यांना खुर्चीत बसवलं. बसल्या बसल्या त्यांनी मला काढून दातांच्या डॉक्टरांच्या अंगावर टाकलं, कारण अंगावर आलेला मान घरी नेणं बरं दिसत नाही. डॉक्टरांनी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, म्हणजे बायकोकडे पाहिलं. तिने डोळे वटारले. ते त्यांना होकारासारखे वाटले असावेत.

आमची माणसं अशी. अभिमान इतका की फुकट अंगात घालवत नाही, आणि सभ्यता इतकी की ठेवून घेववत नाही. या दोन गुणांच्या मध्ये मी त्या दुपारी गरागरा फिरलो. एका ढेरपोट्याला मी घट्ट झालो, तो श्वास न घेता नाचला. शेजारचा नानवाई निझोम अका, आमच्या लग्नांना नेहमी येणारा मुसलमान माणूस, टोपलीभर रोट्या द्यायला आला होता. सवयीने त्याच्याही अंगावर मला टाकलं.

"अहो, मी रोट्या द्यायला आलोय!"

"निझोम, तुला देण्याचं बंधन नाही," अबोखाय ओशाळून म्हणाला.

निझोम अकाने खिशात हात घातला. "मी मुलांसाठी देतोय. मूल कुणाचंही असो, त्या आवाजाला दचकतंच." तो सगळ्यांत चांगला नाचला. हे तिथे कुणी कबूल केलं नाही, म्हणून मी सांगतो.

प्रत्येक फेरीला खिडकीत झुलाय अम्माचा झारा थांबायचा. हा माणूस मला घरी नेईल, असं तिला दर वेळी वाटायचं. मलाही. माणूस मला काढायचा, झारा पुन्हा हलायचा. शेवटी तोही हलायचा राहिला आणि बख्श तळाला लागला.

मी अकरा वेळा विकला गेलो. छप्पर झालं, आत एक बाकडंही होईल एवढं उरलं.

संध्याकाळी अकरा जण मला नीट घडी करून झुलाय अम्माकडे घेऊन आले. "आम्ही नुसता घातला हो, जोमा तुमचाच," अबोखाय म्हणाला. प्रत्येकाचा चेहरा आपणच परत करतोय असा.

दार लागल्यावर तिने गळपट्टीशी तोंड आणलं. बराच वेळ तिथेच ठेवलं. मग म्हणाली, "सगळ्या गावाचा वास येतोय याला."

मी काय करणार होतो? अकरा माणसांचा घाम, सिगारेट, भाताची वाफ. मी श्वास रोखून धरला होता, खरंच धरला होता. की नाचाच्या नादात सोडला? त्या दिवशी मला जरा मजाही आली होती, ही गोष्ट मला अजून खाते. पुढचे दोन शुक्रवार तिने पेटी उघडली, पण वाकली नाही.

इकडे नवं भांडण उभं राहिलं. त्या खोलीवर बुखाऱ्याची पाटी लावायची होती. नावं वयाने लिहायची की रकमेने? बेन्सियोन बोबो म्हणाले, "वयाने." सगळ्यांत जास्त रक्कम देणारे डॉक्टर म्हणाले, "पाटी म्हणजे काही शाळेची हजेरी नाही." इल्याऊचं म्हणणं, चूक त्याची होती म्हणून एवढे पैसे जमले, तेव्हा त्याचं नाव वेगळ्या ओळीत.

तिसऱ्या आठवड्यात झुलाय अम्मा सभेत आली. मला पुन्हा त्याच मेजावर ठेवलं. या वेळी तिची बोटं लगेच सुटली.

"पाटी राहू द्या. अकरा जणांचा घाम आहेच यात. हाच पाठवा तिकडे, भिंतीवर टांगा. मुलं उबेला घेतील."

कुणी बोललं नाही. आमच्या सभेत असं मी एकदाच पाहिलं.

तेव्हापासून मी इथे आहे, सिमेंटच्या खोलीत, एका खुंटीवर. भोंगा वाजला की बुलोर मुलांना आत घेते आणि चार-पाच जणांना माझ्या घेरात ओढते. वर आमचं छप्पर. एक मुलगी दर वेळी त्याच एका फुलात बोट खुपसते. तेच ते फूल, मोजावं की न मोजावं असं. जरतार गेली, आतला कागद दिसायला लागलाय.

मी आल्यावर काही दिवसांनी बुलोरने आईला फोन केला होता. "आई, गळपट्टी हुंगलीस तू. बाह्यांच्या टोकाशी पाहिलंस का? तिथवर कुणाचाच हात पोचत नाही. अजून बाबांचा वास आहे तिथे."

पलीकडे झाऱ्याचा आवाज थांबला. मग, "खोटं बोलतेस."

"बोलत असेन."

"कुठल्या बाहीला?"

"डाव्या."

मी साक्ष दिली असती. पण माझी मलाच खात्री नव्हती.

जुन्या वस्तू बोलायला लागल्या की एकच तक्रार करतात, आम्हाला कुणी विचारत नाही, आम्ही धूळ खात पडलोय. माझं गाऱ्हाणं उलटं आहे. मला धूळ खाऊ द्या. कसर लागली तरी चालेल. लग्नासाठी जन्मलो असलो तरी मला आता अंगावर घ्यायची वेळ कुणावर येऊ नये. बाहेर मुलं वाळूच्या बादलीवरून भांडतायत, बुलोर ओरडतेय, कुणाला माझी आठवण नाही. तेच बरं आहे.

आज एकोणीस दिवस झाले, मला कुणी हात लावलेला नाही. मोजणं मला नीट जमत नाही, पण विसावा दिवस मोजायची फार इच्छा आहे.