घरच्या ओळीची बुट्टी

मित्रांनो, मी बांबूची एक म्हातारी बुट्टी. काठ दोनदा बदललाय, एक कान तुटलाय, पण तोरा बरीच वर्षं नव्या नवरीचा होता. विजापूरजवळच्या तिकोट्यात एका बुरुडाने मला विणलं आणि चनबसप्पांच्या द्राक्षबागेत मला असा मान मिळाला, की बाकीच्या बुट्ट्या माझ्यावर जळायच्या.

बागेतली शेवटची ओळ 'घरची' होती. तिच्यावर औषधाचा पंप कधी जात नसे. घड बारके, मणी डागाळलेले, पाखरांनी टोचलेले, पण घरात खायचे ते हेच. ते वाहायचे फक्त मी. गावात प्रत्येकाच्या बागेत अशी एक ओळ असे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही.

एका वर्षी चनबसप्पांच्या लेकीला, दानम्माला सातवा महिना लागला. बागलकोटला सासरी तिचं कुबसा, म्हणजे डोहाळजेवण होतं. हिरव्या बांगड्या, हिरवं इरकल आणि फळांनी भरायची ओटी. घरच्या ओळीतले घड माझ्यात भरून चनबसप्पा निघाले.

तिची सासू निंगव्वा भारी हौशी. माझ्यात डोकावून ती हसतच सुटली.

"अहो व्याही, चिमण्यांची उष्टी आणलीत की काय? हे बघा, बाजारात पेटीवर तुमचं नाव वाचलं आणि उचललीच पेटी. म्हटलं, ओटीत माहेरचीच द्राक्षं हवीत!"

ताटात टपोरे, लखलखीत घड होते. चनबसप्पांचा चेहरा उतरला. औषध मारल्यावर पंधरा दिवस थांबायचं असतं. व्यापाऱ्याच्या घाईपायी त्यांनी हे घड चौथ्याच दिवशी तोडले होते. दानम्माने एक मणी उचलला.

"दानी, ठेव तो! खाऊ नकोस."

"का हो अप्पा? धुतलेत की."

"वरवरचं जातं गं धुऊन. आत मुरलेलं जात नाही. पोटात बाळ आहे तुझ्या."

बायकांची गाणी थांबली. निंगव्वाने कमरेवर हात ठेवले.

"असं होय! मग बाजारातून घेऊन खाणाऱ्या पोरींच्या पोटात काय दगड असतात?"

मला माझ्या तोऱ्याची लाज वाटली. शेवटी दानम्माच म्हणाली, "अप्पा, ती चिमण्यांची उष्टी द्या इकडे. भूक लागलीय." सगळे हसले. चनबसप्पा तेवढे हसले नाहीत.

पुढच्या हंगामात व्यापारी पुन्हा दारात.

"गाडी उभी आहे, गौडा. तोडा."

"अजून नऊ दिवस."

"मग दुसऱ्याचा माल भरतो."

"भर बाबा."

गाडी गेली. नऊ दिवसांनी दुसरी आली, तेव्हा भाव उतरला होता. तरी त्या दिवशी चनबसप्पा पोटभर जेवले. आता ते औषधही मोजकंच मारतात आणि घरची ओळ वेगळी उरलेली नाही.

म्हणजे माझा मानही गेला. आता मी कुठल्याही ओळीत फिरते. "काय बाईसाहेब, आलात का जमिनीवर?" असं बाकीच्या बुट्ट्या टोचतात. आले बाई, आणि सुखाने आले.

मित्रांनो, फळं नीट धुऊन खा. पण पिकवणारा भेटला, तर हसत हसत एवढं विचारा, "काका, तुमच्या नातीला यातलंच देता ना?" परवा तोडणीच्या दिवशी दानम्माच्या तीन वर्षांच्या लेकीने हाताला लागला तो घड ओढला आणि मणी तोंडात टाकला. चनबसप्पा समोरच उभे होते. त्यांनी तिला दुसरा घड तोडून दिला.