कच्चे वाटाणे

धाकट्याला कुणी घाईचं काम सांगितलं, की तो गिऱ्हाइकाला सरळ वाटेला लावायचा. पेशानं शिंपी. "कापड एकदाच कापता येतं," म्हणायचा आणि एकेका पँटीसाठी लोकांना हेलपाटे घालायला लावायचा. असा हा माणूस आयुष्यात एकदाच घायकुतीला आला, आणि तेही कशापायी, तर वाटाणे शिजवताना!

झालं असं, की त्याचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता. दादा प्लंबर होता, अंगानं चांगला दणकट. पण पोटातल्या दुखण्यानं त्याचा नुसता सापळा उरला होता. त्याचं मागणं एकच: म्हातारीला शेवटचं बघायचं. म्हातारी म्हणजे गावाबाहेरच्या तळ्यातली कार्प मासळी, ओठ डावीकडं फाटलेली. बारा वर्षांत दोघा भावांनी तिला सातदा पकडलं होतं आणि सातही वेळा पाण्यात परत सोडलं होतं. पण आता ती शहाणी झाली होती. दोन वर्षं तिनं कणकेच्या गोळीला तोंड लावलं नव्हतं.

"नवीन आमिष करून बघू," दादा पडल्या पडल्या म्हणाला. "सुके वाटाणे, बडीशेप घालून. चोवीस तास भिजव, मग तासभर उकळ. दाताखाली लोण्यासारखा गेला पाहिजे. कच्चा राहिला तर माशाच्या पोटात फुगतो, जीव घेतो. आणि तीन दिवस नुसतेच टाक, गळ लावू नकोस. तिला चटक लागू दे."

"कळलं रे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी वहिनीला दाराबाहेर नेऊन सांगितलं, फार तर पाच दिवस. धाकट्यानं ते ऐकलं आणि बोटांवर दिवस मोजले. तीन दिवस टाकण्यात जाणार, एक भिजवण्यात, मग उरलं काय, कप्पाळ? त्यानं चार किलो वाटाणे कोरडेच पातेल्यात ओतले, पंधरा मिनिटं खळाखळा उकळले आणि अंधार पडायच्या आत पहिला वाटा तळ्यात टाकून आला. टणक होते जरासे. पाण्यात आपोआप मऊ होतील, अशी त्यानं स्वतःचीच समजूत घातली.

मासे तुटून पडले. "दादा, नुसता फडशा पाडतायत!" धाकट्यानं येऊन सांगितलं, तेव्हा दादा कितीतरी दिवसांनी हसला.

चौथ्या दिवशी सकाळी दादाला चाकांच्या खुर्चीत बसवून काठावर आणलं. धाकट्यानं डब्यातला वाटाणा लावून गळ टाकला. तासभर दोरी हलली नाही. मग लव्हाळ्यापाशी काहीतरी पांढरं दिसलं, म्हणून तो गुडघाभर पाण्यात शिरला. म्हातारीच होती. पोट टम्म फुगलेलं, फाटका ओठ उघडा.

तिला दोन्ही हातांवर घेऊन तो तसाच उभा राहिला. लपवणार कुठं? दादा बघत होता.

"डबा दे," दादा म्हणाला. त्यानं एक वाटाणा दाताखाली धरला. कटकन आवाज झाला. "भिजवले नाहीस."

"वेळ नव्हता रे दादा! डॉक्टर म्हणाले..."

"ठाऊक आहे मला, काय म्हणाले ते. किती टाकलेस?"

"सगळे. मूठभर राहिलेत."

दादानं तळ्याकडं पाहिलं. पलीकडच्या काठाला आणखी दोन पांढरी पोटं वर आली होती.

"अरे, शिव्या तरी दे!" धाकटा ओरडला.

"घरी ने मला," दादा एवढंच म्हणाला.

डब्यातले मूठभर वाटाणे धाकट्यानं घरी वाटीत भिजत घातले. दुसऱ्या दिवशी वाटी काठोकाठ भरली होती.

डॉक्टरांचा अंदाज सपशेल चुकला. दादा त्यानंतर सव्वीस दिवस जगला. म्हातारीचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही. धाकटा रोज सकाळी उशाशी येऊन बसायचा, आणि दादा आजही आहे हे बघून त्याला रडू फुटायचं.