हवालदाराची हरवलेली शिट्टी

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. मित्रांनो, जवळ या, पण आधी हात दाखवा. कुणाकडे चिकटपट्टी असेल तर त्याने तिथेच थांबावे. का, ते सांगते.

कारखान्यातून मी कोरी करकरीत आले. ज्या घरात आले तिथे एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिला सगळे ठकी म्हणत. दर शनिवारी टीव्हीवर बदक हवालदाराची मालिका लागे. हे कापडी बदक गावात हरवलेल्या वस्तू शोधायचे आणि दिसेल त्याच्यावर संशय घ्यायचे. शेवटी चोर भलताच निघे, मग बदक डोक्यावरची टोपी काढून म्हणे, "माफ करा, चुकलो!" ठकीचा त्या बदकावर भारी जीव. तिने सगळे भाग माझ्यात भरले आणि माझ्या पाठीवर चिठ्ठी लावली, "हात लावाल तर याद राखा." माझ्या पोटात तो संशयी हवालदार रात्रंदिवस बसलेला. मग मी तरी भोळी कशी राहणार?

शेवटच्या भागात हवालदाराची स्वतःचीच शिट्टी हरवली. संशय आला त्याच्या जिवलग मित्रावर, माळीबुवा बोकडावर. त्या दिवशी ठकीला आईबरोबर मावशीकडे जावे लागले, म्हणून रेकॉर्डिंग तिने मोठ्या भावावर, दादावर सोपवले. हवालदाराने बोकडाच्या दारावर थाप मारली आणि मध्येच जाहिराती लागल्या. दादाला वाटले, संपली मालिका. त्याने चॅनेल बदलून सामना लावला. मशीन मात्र रेकॉर्ड करतच राहिले. शेवटची चार मिनिटे माझ्यात भरला तो सामना!

दुसऱ्या दिवशी ठकीने घर डोक्यावर घेतले.

"बोकडानेच चोरली असणार. एवढं काय त्यात?" दादा म्हणाला. माफी मागायचे त्याला सुचले नाही.

"बोकड चोर नाहीये! चोर तू आहेस!"

तिने कात्रीच्या टोकाने माझ्या कडेची छोटी पट्टी मोडून टाकली. ही पट्टी मोडली की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. पण तिथे जी खाच पडते, तिच्यावर चिकटपट्टी लावली की मशीन फसते आणि जुने पुसून नवे भरता येते. माझी सगळी भीती त्या एका खाचेत आहे.

चाळीस वर्षे गेली. ठकीने चष्म्यांचे दुकान टाकले, घरे तीनदा बदलली, पण मला टाकले नाही. कधीतरी ती मला लावायची आणि बोकडाच्या दारापाशी येऊन बंद करायची. पुढे मशीन बिघडले. मी कपाटात उभी राहिले, अंगावर बुरशी चढली. तरी रविवारी धूळ पुसताना ती पुटपुटायची, "बोकडाने नाही घेतली."

परवा दादा आला. केस पांढरे, हातात मोठी पिशवी. ठकी चहा ठेवायला आत वळली आणि या गृहस्थाने मला उचलून पिशवीत घातले! मी मनात म्हटले, सवय जात नाही म्हणायची. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात माझे पाच स्क्रू काढले, बुरशी पुसली. एवढे लाड कशाला, हेही मला संशयास्पदच वाटले. आणि मग ऐकू आली ती चरचर. चिकटपट्टी! दादाने स्वतःच्या हाताने माझी खाच बुजवली.

"फक्त शेवटची चार मिनिटं हं," तो म्हणाला. "एक सेकंद जरी मागे गेलात, तर बहीण मला घरात घेणार नाही."

दुरुस्तीवाल्याने लाल बटण दाबले. आता हवालदारही जातो, या धास्तीने मी फिरत राहिले.

संध्याकाळी दादा मला घेऊन परतला. ठकी दारातच उभी होती.

"तूच नेलीस ना? तेव्हाही तूच होतास!"

"हो, मीच. आधी लाव, मग मार."

दुरुस्तीवाल्याचे मशीनही त्याने आणले होते. हवालदाराने दारावर थाप मारली आणि या वेळी दार उघडले. बोकडाच्या डोळ्यांत पाणी होते. हवालदाराने मान खाली घालून टोपी काढली. टोपीच्या अस्तरातून टणकन शिट्टी पडली.

ठकी हसली आणि हसता हसता रडली. "मी म्हणत नव्हते?"

"म्हणत होतीस. पाच वर्षं शोधत होतो हा शेवट. त्या मालिकेच्या कॅमेरावाल्याच्या माळ्यावर मिळाला." दादाने खाली बघत डोक्यावरून हात फिरवला. टोपी नव्हती, तरी ती काढल्यासारखाच. "माफ कर, ठके. चुकलो."

मग त्याने माझ्या खाचेवरची चिकटपट्टी नखाने हळूच सोलून काढली.

मित्रांनो, कुणाची जुनी वस्तू पुसण्याआधी, टाकण्याआधी, एकदा विचारा. संशय घ्यायला मी हरकत घेणार नाही, मी स्वतः त्यातली आहे. पण चुकलात तर चाळीस वर्षे थांबू नका. दादाची माफी मला अजून मागायची आहे, पण त्याला माझे बोलणे ऐकूच येत नाही. त्याला एवढे सांगाल का?